नाव नाईफ, पण कापत काहीच नाही

"ना टाका, ना भूल, अर्ध्या तासात ब्रेन ट्यूमर गायब!" असा एक फॉरवर्ड सध्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं पहिलं अर्धं जवळपास खरं आहे. दुसरं अर्धं इतकं चुकीचं आहे की त्यापायी माणसं नंतर उगाच हवालदिल होतात. हे मी जवळून पाहिलंय.

वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात एक काका आहेत. वय ६७, बँकेतून निवृत्त. तीन वर्षांपूर्वी ते फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेऊ लागले. आम्ही चेष्टा केली, की काकूंचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून सोय करून घेतलीत. मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली, पाठोपाठ एमआरआय झाला आणि चेष्टा थांबली. डाव्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर दीड सेंटीमीटरची गाठ होती. अकूस्टिक न्यूरोमा. कॅन्सर नाही, पण डोक्यात आहे म्हटल्यावर कोणाला झोप लागते? सहा महिने वाट पाहिली, गाठ १.८ वर गेली, आणि डॉक्टरांनी दोन रस्ते पुढे ठेवले. कवटी उघडून ऑपरेशन, नाहीतर गॅमा नाईफ.

त्यावर टेकडीवर पाच जणांनी सहा मतं दिली. एकाने विचारलं, "नाईफ म्हणजे टाके किती पडतात?" दुसरा म्हणाला, किरण म्हणजे केस जाणार, उलट्या होणार. मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, म्हणून "सर, तुम्ही सांगा" करत विषय माझ्या गळ्यात पडला. मी डॉक्टर नाही. किरण कसा वागतो ते मला ठाऊक आहे, आणि काकांसोबत तीन-चार वेळा डॉक्टरांपुढे बसल्यामुळे बाकीचं विचारून घेता आलं.

सुरी कुठे आहे मग?

कुठेच नाही. कवटी उघडत नाहीत, कातडीला छेद देत नाहीत. बाहेरून किरणांचे अनेक बारीक झोत मेंदूतल्या एका ठरलेल्या जागी एकत्र आणायचे आणि तिथल्या पेशी निकामी करायच्या, याला रेडिओसर्जरी म्हणतात. गॅमा नाईफ हे त्यासाठी बनवलेल्या एका यंत्राचं नाव.

कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल या मेंदूच्या सर्जनची. रेडिओसर्जरी हा शब्द त्यांनी १९५१ साली वापरला. त्या काळात मेंदूच्या खोल भागावरचं ऑपरेशन म्हणजे रोगी टेबलावरून परत येईल की नाही याचीच शंका. आतपर्यंत हात न घालता पोचता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. आधी क्ष-किरणांची नळी वापरून पाहिली, मग बोर्ये लार्सन या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर उप्साला इथे प्रोटॉनचा झोत. शेवटी गॅमा किरण सोडणाऱ्या कोबाल्टवर स्थिरावले. १९६८ साली स्टॉकहोममध्ये पहिलं यंत्र चालू झालं, तेव्हा त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. लेक्सेल यांच्या मनात मुळात गाठी नव्हत्याच. असह्य वेदना, हाताची थरथर अशा विकारांसाठी मेंदूतला एखादा बिंदू अचूक गाठायचा, हा हेतू होता. गाठींसाठी त्याचा खरा उपयोग वाढला तो नंतर, सीटी स्कॅन आणि एमआरआय आल्यावर. सीटीवर पहिल्या रोग्याचं डोकं पाहिलं गेलं १९७१ साली. म्हणजे नेम धरणारं यंत्र आधी तयार होतं, लक्ष्य नीट दिसायला लागलं मागाहून.

अलका चौकाचं गणित

हे समजावताना सगळे भिंगाची उपमा देतात, उन्हात भिंग धरून कागद जाळायची. मला ती पसंत नाही, कारण गॅमा किरण भिंगाने वाकतच नाहीत. ते सरळ जातात, डोक्याच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात, आणि वाटेतल्या प्रत्येक पेशीला थोडं थोडं देत जातात. मग एकाच जागी जास्त कसं पोचवायचं?

अनंत चतुर्दशी आठवा. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक, या चार रस्त्यांवरून मिरवणुका येतात. एकेका रस्त्यावर गर्दी असते, तरी कडेकडेने माणूस चालू शकतो, पोराला खांद्यावर घेऊन उभा राहू शकतो. चारही रस्ते अलका टॉकीजच्या चौकात मिळतात आणि तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. आता चारऐवजी १९२ रस्ते धरा आणि प्रत्येकावर अगदी तुरळक माणसं. वाटेवरच्या कुठल्याच घराला धक्का नाही, चौकात मात्र चेंगराचेंगरी. गाठ त्या चौकात बसवायची, एवढंच गॅमा नाईफचं तत्त्व.

१९२ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मधल्या काळातल्या यंत्रांत २०१ स्रोत असत, २००६ नंतरच्या मॉडेलांत १९२ असतात. प्रत्येक स्रोतासमोर टंगस्टनमधून कोरलेलं अरुंद भोक असतं, त्याला कॉलिमेटर म्हणतात. भोकं तीन मापांची: ४, ८ आणि १६ मिलिमीटर. गाठ काही बोरासारखी गोल नसते. वेडीवाकडी असते, तिला फाटे फुटलेले असतात. म्हणून लहानमोठे गोळे शेजारी शेजारी बसवून तिचा आकार भरून काढतात. त्या प्रत्येक गोळ्याला तिथली मंडळी 'शॉट' म्हणतात. काकांच्या गाठीला अकरा शॉट लागले.

कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू सतत क्षीण होत असतो. साधारण सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो, महिन्याला जवळपास एक टक्का. सिलिंडर संपत आला की ज्योत मंद होते आणि तीच डाळ शिजायला जास्त वेळ लागतो, तसंच इथे. नव्या कोबाल्टवर अर्ध्या तासात होणारं काम पाच वर्षांनी तासभर चालतं. मात्रा तीच, वेळ वाढतो. म्हणून शेजारणीला पंचवीस मिनिटं लागली आणि आपल्याला पन्नास, यात काळजीचं काही नाही.

पत्ता चुकला तर?

हा प्रश्न सगळ्यात रास्त आहे. कानाच्या नसेला अगदी खेटून चेहऱ्याची नस जाते, पलीकडे मेंदूचा देठ असतो. दोन-तीन मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर चेहरा वाकडा व्हायचा.

पेठेतला पत्ता सांगताना आपण काय करतो? नारायण पेठ, मोदी गणपतीच्या मागे, दुसरा मजला. तीन गोष्टी जुळल्या की माणूस बरोबर दारात पोचतो. मेंदूतल्या प्रत्येक बिंदूलाही असे तीन आकडे देता येतात: डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली. मात्र हे मोजायचं तर मोजपट्टी डोक्याला घट्ट बसलेली हवी, हलता कामा नये. म्हणून डोक्याभोवती धातूची हलकी चौकट बसवतात, तिलाच सगळे 'फ्रेम' म्हणतात. चार जागी भुलीचं इंजेक्शन देऊन चार पिना कवटीच्या हाडावर टेकवतात. हाडात भोक पाडत नाहीत, केसही कापत नाहीत. ही फ्रेम लावूनच एमआरआय काढतात. त्यात चौकटीच्या खुणाही उमटतात, त्यामुळे गाठीचा पत्ता चौकटीच्या हिशेबात मिळतो. मग तीच फ्रेम यंत्राच्या कोचाला अडकवतात. चूक एका मिलिमीटरच्याही आत राहते.

काकांच्या मते अख्ख्या प्रकरणात त्रासाचा भाग हाच. "इंजेक्शनं टोचली ती टोचली. नंतर दहा मिनिटं कोणीतरी दोन्ही हातांनी डोकं आवळून धरल्यासारखं वाटलं. मग सवय झाली." २०१५ नंतरच्या यंत्रांत काही रोग्यांना फ्रेमऐवजी चेहऱ्यावर साच्यासारखा बसणारा जाळीदार मास्क चालतो. पण कुठे काय वापरायचं हे रोगावर ठरतं, आपल्या आवडीवर नाही.

त्या दिवशी होतं काय

काका-काकू आदल्या दिवशी डेक्कन क्वीनने मुंबईला गेले. सकाळी फ्रेम, मग एमआरआय, आणि मग बाहेरच्यांना कंटाळा आणणारा पण सगळ्यात मोलाचा भाग: प्लॅनिंग. न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आणि मेडिकल फिजिसिस्ट असे तिघं संगणकावर गाठीची कड मिलिमीटर-मिलिमीटरने आखत बसतात. शेजारच्या नाजूक भागांना किती किरण पोचतील ते मोजतात आणि पटलं नाही तर पुन्हा मांडणी करतात. यात दोन तास गेले. (आमच्या विषयातला माणूस या टेबलावर बरोबरीने बसतो हे पाहून मला उगाचच अभिमान वाटला.)

प्रत्यक्ष किरण ४७ मिनिटं. रोगी जागा असतो, बोलू शकतो, एमआरआयसारखी ठोकाठोक नसते. काकांनी जुनी नाट्यगीतं मागितली, मिळाली. काही दुखलं नाही, गरम लागलं नाही, उजेड दिसला नाही. फ्रेम काढली, कपाळावर दोन बारीक पट्ट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी काका पुण्यात, तिसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी. चढायला आम्हीच आठवडाभर बंदी घातली.

एकदम सगळं का?

नेहमीची रेडिओथेरपी पाच-सहा आठवडे रोज घ्यावी लागते. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. नेहमीच्या पद्धतीत रोज साधारण २ ग्रे देतात. मेंदूच्या आक्रमक ट्यूमरला ३० बैठकांत ६० ग्रे, असा हिशेब असतो. त्यात झोत थोडा रुंद असतो, निरोगी भागही सापडतो. रोज थोडं दिलं की निरोगी पेशी रात्रीतून डागडुजी करून घेतात, रोगट पेशींना ते तितकं जमत नाही.

रेडिओसर्जरीत निरोगी भाग जवळजवळ टाळलेलाच असतो, म्हणून सगळं एकाच बैठकीत देता येतं. अकूस्टिक न्यूरोमाला १२-१३ ग्रे पुरतात. ६०च्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण तसं नाही. पर्वती महिनाभर रोज एकदा चढणं आणि एकाच दिवशी तीस वेळा चढणं, पायऱ्या तेवढ्याच असल्या तरी गुडघ्यांना विचारा. अख्ख्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले तर जिवावर बेततं. इथे ते सुपारीएवढ्या जागेत कोंडलेले असतात, आणि कडेच्या बाहेर काही मिलिमीटरांत मात्रा निम्म्यावर येते. सिंहगडाची पायवाट आणि तानाजी कडा यांत जो फरक, तोच दोन पद्धतींतल्या मात्रेच्या उतारात.

मग गाठ जाते कुठे?

बहुतेक वेळा कुठेच जात नाही. फॉरवर्डमधलं 'गायब' इथे कोसळतं.

किरण पेशीच्या डीएनएचे धागे तोडतात. पेशी त्याच क्षणी मरत नाही. ती विभागायला जाते तेव्हा तिला ते जमत नाही आणि मरते. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या हळूहळू आतून जाड होऊन बंद होतात. आता ज्या गाठी मुळातच वर्षाला एक-दोन मिलिमीटरच्या चालीने वाढतात, त्यांच्या पेशी विभागणार कधी आणि मरणार कधी? म्हणून परिणाम दिसायला महिने नाही, वर्षं लागतात. मेंदूच्या आवरणावरची गाठ (मेनिंजिओमा), मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ, कानाच्या नसेची गाठ, या साध्या गाठींच्या बाबतीत डॉक्टर ज्याला यश म्हणतात ते 'वाढ थांबली' हे. दर दहांतल्या नऊ किंवा अधिक रोग्यांत ती थांबते. अनेकांत ती थोडी आक्रसते, साफ नाहीशी फार थोड्यांत होते.

रिपोर्टमध्ये "गाठीच्या आकारात बदल नाही" असं आलं की घरचे तोंड पाडून बसतात, आणि डॉक्टर हसत असतात. हे मी वेटिंग रूममध्ये एकदा नाही, तीनदा पाहिलं.

त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात गाठ उलट मोठी दिसू शकते. आतल्या मेलेल्या पेशींमुळे तिला सूज येते. कानाच्या नसेच्या गाठीत हे साधारण सहा महिने ते दीड वर्षात होतं. काकांच्या सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये १.८ची २.१ झाली होती, मध्यभाग काळा पडला होता. मुलगा अमेरिकेतून रात्री-अपरात्री फोन करायला लागला, आमच्यातल्या एकाने तर "फसवलं तुम्हाला" असं तोंडावर सांगून टाकलं. डॉक्टरांनी फिल्म पाहून एवढंच म्हटलं, "मधलं काळं दिसतंय ना? तेच हवं होतं. सहा महिन्यांनी या."

गाठ नसलेल्यांनाही

मेंदूत कधी कधी रक्तवाहिन्यांचा एक गुंता जन्मतःच असतो, त्याला एव्हीएम म्हणतात. एरवी जोराचं रक्त बारीक केशवाहिन्यांतून जिरत जिरत शिरांत येतं. इथे ती मधली जाळीच नसते. महापालिकेची मुख्य लाइन थेट घरातल्या नळाला जोडावी तसं. नळ फुटायचाच. किरणांनी या वाहिन्यांच्या आतलं अस्तर जाड होत जातं आणि गुंता बंद होतो, पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर रक्तस्रावाचा धोका, जो साधारण वर्षाला २ ते ४ टक्के असतो, तसाच राहतो. हे रोग्याला आधी कळायलाच हवं.

दुसरा विकार ट्रायजेमिनल न्युरॅल्जिया. दात घासताना, घास चावताना, साध्या वाऱ्याच्या झुळकीनेही गालात विजेचा झटका बसावा अशी कळ येते. निदान होईपर्यंत काही जणांनी दोन-तीन दाढा काढून घेतलेल्या असतात, कारण संशय पहिल्यांदा दातावर जातो. आधी गोळ्या देतात. त्या पुरेनाशा झाल्या तर ऑपरेशन, नाहीतर नसेच्या मुळाशी ४ मिलिमीटरचा एकच शॉट, ८० ते ९० ग्रेचा. आराम पडायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. काहींना गालावर बधिरपणा येतो, काहींचं दुखणं काही वर्षांनी परत उलटतं. हाताच्या थरथरीसाठीही मेंदूच्या आत खोलवरच्या एका ठिपक्यावर, आणखी मोठ्या मात्रेने, हाच प्रयोग करतात.

आणि कॅन्सर. फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत ठिपक्यांच्या रूपाने पसरतो, तेव्हा पूर्वी सरसकट सगळ्या मेंदूला किरण देत. त्याने स्मरणशक्ती मंदावते. आता शक्य तिथे फक्त ठिपके टिपतात. जपानमध्ये १,१९४ रोग्यांच्या अभ्यासात (२०१४) असं दिसलं की पाच ते दहा ठिपके असलेले रोगी दोन ते चार ठिपकेवाल्यांइतकेच जगले. त्यामुळे 'चारच्या वर नाही' ही जुनी अट सैल झाली. या गाठी वेगाने विभागतात, म्हणून इथे परिणामही लवकर, काही आठवड्यांत दिसतो.

इतकं सोपं आहे तर ऑपरेशन करतातच कशाला?

पहिलं कारण आकार. साधारण तीन सेंटीमीटरच्या वर हे शस्त्र बोथट होतं. लाडू दुप्पट रुंद वळायचा तर बेसन आठपट लागतं. गाठही दुप्पट रुंद झाली की तिचा ऐवज आठपट होतो, आणि बाहेर सांडणारी मात्राही वाढते. म्हणून मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या ठिपक्यांना २ सेंटीमीटरपर्यंत २४ ग्रे, ३ पर्यंत १८ आणि ४ पर्यंत १५ अशी उतरती भाजणी बरीच वर्षं प्रमाण मानली गेली. गाठ मोठी तर मात्रा कमी, हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण हे आहे. मोठ्या गाठीला हल्ली तीन ते पाच बैठकांत विभागूनही देतात.

दुसरं, मोठ्या गाठीने मेंदू दाबला जात असेल, उलट्या होत असतील, दृष्टी जात असेल, तर दाब आज कमी करायला हवा. दीड वर्षाने परिणाम दाखवणारा उपाय तिथे कामाचा नाही, सर्जनच हवा. तिसरं, ऑपरेशनमध्ये गाठीचा तुकडा तपासायला मिळतो. किरणांत तो मिळत नाही, निदान फक्त चित्रावरून करावं लागतं. चौथं, शेजार. दृष्टीची नस एका बैठकीत ८ ते १० ग्रेच्या वर सोसत नाही, आणि पिट्युटरीची गाठ तिला चिकटलेली असली तर नेम कितीही अचूक असून भागत नाही.

आणि सगळ्यात दुर्दैवी मर्यादा ग्लिओमासारख्या पसरणाऱ्या ट्यूमरची. शिऱ्यातला बेदाणा चमच्याने उचलता येतो, साखर नाही उचलता येत. मेनिंजिओमा हा बेदाणा. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे ग्लिओमाचा सगळ्यात आक्रमक प्रकार, ही विरघळलेली साखर, त्याची कडच सापडत नाही, तर नेम कुठे धरणार? त्याला ऑपरेशन, नेहमीची रेडिओथेरपी आणि औषधं हाच मार्ग. 'गॅमा नाईफने बरं होतं म्हणे' असं कोणी ग्लिओब्लास्टोमाच्या घरच्यांना सांगत असेल, तर ते दयाळूपणाचं नाही.

काहीच न करणं हाही उपचार असतो, हे मात्र आपल्याकडे पचत नाही. नॉर्वेत लहान अकूस्टिक न्यूरोमाच्या १०० रोग्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला लगेच किरण, दुसऱ्याला फक्त नियमित एमआरआय. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. चार वर्षांनी किरणवाल्यांच्या गाठी आक्रसल्या होत्या, पण ऐकू येणं, तोल, रोजचं जगणं यांत दोन गटांत मोठा फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी अनेकांना तोवर उपचार लागलेच नव्हते. काकांना आधी सहा महिने थांबवलं ते याच विचाराने. तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, डॉक्टर टाळाटाळ करतायत.

किरणांनीच कॅन्सर झाला तर?

शक्यता शून्य नाही, पण फार म्हणजे फारच कमी. २०१९ साली जवळपास पाच हजार रोग्यांचा मागोवा छापून आला. रेडिओसर्जरीनंतर मेंदूत कॅन्सर होण्याचं प्रमाण सर्वसामान्य लोकांइतकंच निघालं. तरी लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर हात आखडता घेतात, कारण त्यांच्यापुढे सत्तर वर्षं आहेत.

"नातीला जवळ घेऊ ना?" हा काकूंचा प्रश्न होता. उन्हातून घरात आल्यावर आपल्या अंगातून ऊन बाहेर पडत नाही. तसंच, यंत्र बंद झालं की किरण संपले, शरीरात काही उरत नाही. केस? सहसा जात नाहीत. गाठ कवटीला लागून असली तर तेवढ्या जागचे थोडे जाऊ शकतात.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते लवकर दिसत नाहीत. काही महिन्यांनी आजूबाजूच्या मेंदूला सूज येऊ शकते, मग स्टिरॉइड द्यावी लागतात. कधी निरोगी भागाचा छोटा तुकडा मरतो, त्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. एमआरआयवर तो हुबेहूब परत उगवलेल्या ट्यूमरसारखा दिसतो, ओळखायला कधी पेट स्कॅनही लागतो. पिट्युटरीवर किरण घेतलेल्यांची हार्मोनं पुढे काही वर्षांनीही कमी पडू शकतात, म्हणून रक्ततपासणी सोडून चालत नाही. आणि काकांसारख्यांचं उरलेलं ऐकणं पुढे हळूहळू कमी होऊ शकतं. गेलेलं ऐकू येणं कुठलाही उपचार परत आणत नाही.

गॅमा, सायबर की लिनॅक?

फ्रिज घेताना विचारावं तसं "लेटेस्ट कुठलं?" हे आपण विचारतोच. गॅमा नाईफ कोबाल्टवर चालतं आणि फक्त डोक्यासाठी आहे. लिनॅक म्हणजे विजेवर क्ष-किरण तयार करणारं यंत्र. ते नेहमीच्या रेडिओथेरपीसाठी मोठ्या रुग्णालयांत असतंच, पुण्यातही आहे, आणि योग्य जोडणी असेल तर त्यावर रेडिओसर्जरीही होते. सायबर नाईफ म्हणजे छोटं लिनॅक रोबोटच्या हातावर बसवलेलं. ते जॉन ॲडलर यांनी बनवलं. हे लेक्सेल यांच्याकडेच काही काळ शिकलेले अमेरिकी सर्जन. सायबर नाईफ मानेखालीही चालतं, फ्रेम लागत नाही.

अगदी बारीक लक्ष्याला, म्हणजे न्युरॅल्जियाच्या नसेसारख्या, माझा कल गॅमाकडे जाईल. बाकी बऱ्याच गाठींत यंत्रापेक्षा ते चालवणारी टीम महिन्याला असे किती रोगी करते, हे विचारणं जास्त उपयोगाचं. आपल्या देशात गॅमा नाईफ १९९७ साली आलं, मुंबईचं हिंदुजा आणि दिल्लीचं एम्स ही सुरुवातीची ठिकाणं, त्यामुळे अनुभवी हात आहेत.

खर्च मात्र लाखांत जातो. कोबाल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, भिंती जाड लागतात. सरकारी संस्थेत कमी, पण रांग मोठी. पॅकेजमध्ये त्या दिवशीचा एमआरआय धरलाय का, आणि पुढच्या पाच-सात वर्षांचे एमआरआय कोण भरणार, हे लेखी विचारून घ्यावं. विमा कंपनीला 'एक दिवसात घरी' हे पटत नाही, म्हणून आधी मंजुरी घ्यावी. महात्मा फुले योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्रालाच विचारावं, शेजाऱ्याला नाही.

काकांचा दीड वर्षानंतरचा रिपोर्ट आला तेव्हा गाठ १.७ होती. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "एवढं करून फक्त एक मिलिमीटर?" काकांनी शांतपणे फोन उजव्या कानावरून काढून काकूंच्या हातात दिला. डाव्या कानाने त्यांना आता जवळपास ऐकू येत नाही. टेकडीवर चालताना कोणी डाव्या बाजूला आलं की ते आपोआप जागा बदलतात, आणि आम्हालाही आता उजवीकडून चालायची सवय झालीय. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.